बोल्झेन गल्ली

हातात निशिगंधाचा हार घेऊन हिंमतराव घारे टेबलासमोर उभे राहिले आणि हार घालायचा कुठे तेच त्यांना कळेना. टेबलावर फोटो नव्हता. पांढरी चादर होती, तिच्यावर पुस्तकांची उंच चळत होती आणि चळतीला टेकवून ठेवलेली एक जुनी काळी छत्री. मागे रांग लागली होती. कुणीतरी मुद्दाम खाकरलं.

"आमच्याकडे फोटो ठेवून हार घालत नाहीत, काका," बाजूला उभी असलेली मेहजबीन हळूच म्हणाली. "द्या इकडे."

तिने हार घेतला, क्षणभर विचार केला आणि चळतीच्या पायाशी गोल करून ठेवला.

"इथे चालेल. ही काही अब्बा नव्हेत, फणसेची पुस्तकं आहेत. फणसेला हार आवडला असता. शिंका आल्या असत्या, पण आवडला असता."

हिंमतरावांना हसू आलं आणि त्यांनी ते लगेच आवरलं. मेहजबीन ही नासिर तांबोळींची मुलगी, आणि नासिर तांबोळी जाऊन पुरता पंधरवडाही झाला नव्हता.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून जन्म काढलेला हा माणूस संध्याकाळी घरी येऊन हेरकथा लिहायचा. हिंमतरावही हेरकथाच लिहायचे. एके काळी कुठल्याही वाचनालयात जा, एका फळीवर हिंमतरावांचे मेजर खर्डेकर आणि शेजारच्या फळीवर नासिरभाईंचा फणसे. मेजर खर्डेकर सहा फुटी, ओव्हरकोटवाले, धावत्या आगगाडीच्या टपावरून उड्या मारणारे. फणसे वकिलातीतला कारकून, बारमाही सर्दीचा, जाईल तिथे छत्री विसरणारा. पण शेवटच्या पानावर शत्रूचे चोरलेले कागद नेमके त्याच्याच जेवणाच्या डब्यात निघायचे. वाचकांचे दोन तट होते आणि ते वाचनालयाच्या ओट्यावर हमरीतुमरीवर यायचे. मग केबल आलं. वाचनालयांच्या जागी आधी व्हिडिओची दुकानं झाली, मग मोबाइलची, आणि दोन्ही फळ्या रद्दीत गेल्या. हिंमतराव तरीही लिहीत राहिले, नासिरभाईही लिहीत राहिले. लिहिता लिहिता मान वर केली की हिंमतरावांना समोर नासिरभाई दिसायचे, आता यावर हे काय म्हणतील म्हणून. आता मान वर करायची ती कशाला, हे गेल्या पंधरवड्यात त्यांना उमगलं नव्हतं.

ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. मेहजबीन याच शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून सभा शाळेच्या हॉलमध्ये. व्यासपीठावर मागे फळा, पुढे मोकळी शहाबादी फरशी, मग खुर्च्या. दार एकच, तेही व्यासपीठाला लागून. उशिरा येणाऱ्याला साऱ्यांच्या डोळ्यांदेखत ती फरशी ओलांडून यावं लागायचं. पुणेकरांनी बांधलेला हॉल, दुसरं काय! सभा मात्र वेळेवर सुरू होणार होती, आणि त्याला अजून थोडा अवकाश होता.

"हिंमतराव, कव्हर बघून घ्या," म्हणत श्यामसुंदर बोरा शेजारी येऊन टेकले. आजच्या सभेची खटपट त्यांचीच. बिबवेवाडीत त्यांचं वाचनालय अजून तग धरून होतं, जोडीला ते पुस्तकंही छापून विकायचे.

"इथे?"

"सभा कुठे सुरू झालीय अजून? आजच छापून आलंय." त्यांनी पिशवीतून गुळगुळीत कागद काढला. बर्फ, दिवे, ओव्हरकोटातली पाठमोरी आकृती. "आयटीतली पोरं येतात हो दुकानात, बापाने वाचलेली पुस्तकं मागत. तुमच्या व्हिएन्नाच्या सगळ्या पुस्तकांचा संच एका पेटीत घालतोय. दिवाळीला काढू."

कव्हरच्या तळाशी ठळक अक्षरांत ओळ होती, 'स्वतः व्हिएन्नात राहून आलेल्या लेखकाच्या लेखणीतून'.

"ही ओळ हवीच का?" हिंमतरावांनी विचारलं.

"तीच तर विकते."

"आणि नासिरभाईंची पुस्तकं?"

"पुढे बघू," बोरा म्हणाले. "फणसे बापडा चांगला आहे, पण त्यात मारामारी नाही. हल्ली मारामारी लागते."

हिंमतरावांनी कव्हर परत दिलं आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसले. खरं सांगायचं तर ते व्हिएन्नात राहिले नव्हते. व्हिएन्ना सोडा, ते कधी विमानात बसले नव्हते. चौऱ्याहत्तर साली मिरजेला हर्नियाच्या ऑपरेशनला गेले, तिथेच बहिणीकडे दोन महिने पडून राहिले आणि पडल्या पडल्या व्हिएन्नाची पहिली कथा लिहून काढली. प्रकाशकाने मागच्या पानावर छापून टाकलं, 'लेखक नुकतेच व्हिएन्नाहून परतले आहेत.' हिंमतराव तडक खुलासा करायला निघाले होते, पण वाटेत दोन वाचकांनी गाठून तिथल्या थंडीबद्दल विचारलं आणि त्यांनी थंडी सांगितली. झालं! तेव्हापासून सांगतच होते. फक्त पत्नीला, सत्यशीलाबाईंना, खरं माहीत होतं. "व्हिएन्नाला जाऊन आलात ना? मग आता कोपऱ्यावर जाऊन दूध घेऊन या," असं त्या अजूनही म्हणायच्या.

त्या पहिल्या कथेतच बोल्झेन गल्ली होती. तिचं नाव हिंमतरावांनी जुन्या बाजारात एका लाकडी खोक्यावर वाचलं होतं; भारदस्त वाटलं, उचललं. गल्लीही तशीच उचललेली. त्यांचं लहानपण कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी गेलं होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानांवर ठोके पडायचे ते दिवेलागणीपर्यंत. मिरजेच्या त्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी अख्खी आळी उचलली, तिच्यावर बर्फ टाकला आणि व्हिएन्नात नेऊन ठेवली. हंड्या-घागरींवर घाव पडत असताना दोन माणसं डोक्याला डोकं लावून बोलली तरी तिसऱ्याला अक्षर ऐकू जात नाही, म्हणून साऱ्या देशांचे हेर तिथे भेटायला यायचे. वाचक त्या गल्लीवर फिदा झाले.

आणि पुढच्याच महिन्यात नासिरभाईंचा फणसे त्या गल्लीत शिरला!

हिंमतराव तेव्हा प्रकाशकाच्या कचेरीत जाऊन "चोरी! ही उघड चोरी आहे," म्हणून ओरडले होते. पण दोनचार दिवसांत राग निवला आणि त्या जागी गुदगुल्या व्हायला लागल्या. कारण नासिर तांबोळी म्हणजे काटेकोरपणाचा कहर. त्यांनी ट्राम अमुक पुलावरून वळते म्हटलं की ती तिथूनच वळणार. असा माणूस, आणि फसला! कसब्याच्या आळीला व्हिएन्ना समजून बसला! मग फणसे दर व्हिएन्ना-कथेत तिथे जाऊ लागला. एका कथेत तर असं होतं, की फणसे गल्लीच्या तोंडाशी येतो, आत एक उंच भारतीय माणूस ओव्हरकोटाच्या खिशात हात घालून ठोके ऐकत उभा असतो, आणि फणसे त्याला त्रास न देता दुसऱ्या रस्त्याने निघून जातो. हिंमतरावांनी तो टोमणा मानला आणि बोलणं जवळजवळ टाकलं. दिवाळी अंकांच्या समारंभात नासिरभाई "आदाब, मेजरसाहेब" म्हणायचे, हे नुसती मान हलवायचे. पण मनातल्या मनात, मी तांबोळींना गंडवलं, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी शाबासकी होती. ती कुणाला सांगता येत नव्हती एवढंच काय ते दुःख.

सभा सुरू झाली. कारखान्यातले एक जुने अधिकारी बोलले, एका साप्ताहिकाचे संपादक बोलले, भरून न येणारी पोकळी दोनदा निर्माण झाली. मग बोरांनी एका मुलीला बोलावलं. जीन्स, कुर्ता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं.

"सॉरी, मी डायरेक्ट ऑफिसमधून आलेय," ती म्हणाली. "मी अपेक्षा. बिबवेवाडीत राहते. माझे बाबा फणसे गँगचे, मीपण. गेल्या वर्षी कंपनीने मला ऑनसाइट पाठवलं. कुठे? तर व्हिएन्ना! मी एअरपोर्टवर रडलेच. बाकीचे कलीग गाइडबुक घेऊन फिरायचे, मी नासिर सरांची पुस्तकं घेऊन. आणि सांगते, सगळं जिथल्या तिथे. पूल म्हटलं तिथे पूल, घड्याळ म्हटलं तिथे घड्याळ. कालव्याच्या ज्या पायरीवर फणसे घसरतो ना, सेम त्याच पायरीवर मीपण घसरले."

सभागृह हसलं. हिंमतरावही हसले.

"फक्त एकच गोष्ट नाही सापडली," अपेक्षा म्हणाली. "बोल्झेन गल्ली. दोन वीकेंड शोधली. नाहीचे! तिथल्या एका आजींना विचारलं तर त्या हसायलाच लागल्या. जर्मनमध्ये बोल्झेन म्हणजे बोल्ट हो. नटबोल्टमधला!"

आता मात्र खुर्च्या हलल्या. शोकसभेत हसायचं नसतं हे आठवून लोक रुमालाआड हसत होते.

"म्हणजे सरांची अख्ख्या करिअरमधली एकच चूक, आणि ती मला सापडली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा हलला. "मला ते त्यामुळे अजूनच आवडायला लागले. मला त्यांना भेटून हे सांगायचं होतं. राहिलं."

ती खाली उतरली. मागून कुणीतरी म्हणालं, "घाऱ्यांना विचारा की. ते तर तिथे राहून आलेत." बोरांनी वळून हिंमतरावांकडे पाहिलं आणि मान डोलावली. "तुम्ही शेवटी बोलणार आहातच. तेव्हा खुलासा करून टाका. तुमचा शब्द शेवटचा."

 ते हसू हिंमतरावांच्या वाट्याचं होतं आणि ते नासिरभाईंच्या पदरात पडलं होतं, तेही त्यांच्या शोकसभेत. पण हेरकथा लिहिणाऱ्याच्या जिभेवर थाप तयारच असते. 'ती गल्ली पुढे पाडली. मी गेलो तेव्हा होती.' किती सोपं! नासिरभाईंचाही मान राहील, आपलाही राहील, बोरांचं कव्हरही फुकट जाणार नाही. त्यांनी ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं बसत होतं.

मेहजबीन बोलायला उभी राहिली.

"अब्बा हजला गेले तेवढाच त्यांचा परदेश," ती म्हणाली. "लोक विचारतात, मग एवढं सगळं कळायचं कसं? आमच्या क्वार्टरच्या मागे धुणं वाळत घालायची मोकळी फरशी होती. सुट्टीच्या दिवशी अब्बा त्या फरशीवर खडूने शहर काढायचे. एका हातात नकाशा, आणि कारखान्याचा माणूस, तेव्हा सगळं मापात. मी आणि माझा भाऊ कासिम हेर व्हायचो. मी पळायची, कासिम माझ्या मागे, आणि अब्बा घड्याळ धरून मध्ये उभे. कासिमने मला पुलाच्या अलीकडेच पकडलं तर अब्बा म्हणायचे, 'फणसे मेला. प्रकरण पुन्हा लिहावं लागणार.' अम्मी वरून ओरडायची, 'धुणं कुठे घालू? व्हिएन्नात?'"

लोक हसले, पण हे हसू निराळं होतं. हिंमतराव नकळत खुर्चीच्या कडेला आले. ती फरशी त्यांना दिसायला लागली होती. इकडे आपण खाटेवर पडून पडून जे सुचेल ते लिहीत होतो, आणि तिकडे हा गृहस्थ आपल्या पोरांना पळवून एकेक वाक्य तपासून घेत होता. यांना मी गंडवलं म्हणे!

मेहजबीन खाली आली, पण आपल्या जागेवर गेली नाही. हिंमतरावांच्या शेजारी रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसली. व्यासपीठावर कारखान्याच्या युनियनचे कुणी बोलायला लागले होते.

"काका," ती समोर बघतच म्हणाली, "ती गल्ली तुमची ना?"

हिंमतरावांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते त्यांनाच सांगता आलं नसतं.

"अब्बांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की ती नाहीये. कारखान्यात त्यांच्याकडे जर्मन मशीनची ड्रॉइंगं यायची. बोल्झेन हा शब्द ते रोज बघायचे. तुमचं पुस्तक वाचताना ते इतके हसले, की अम्मी पाणी घेऊन धावत आली."

"अहो, मग..." हिंमतराव तिच्याकडे वळले. "मग स्वतःच्या पुस्तकात कशाला घातली त्यांनी?"

"तुमचे आणि अब्बांचे प्रकाशक एकच ना, ते आमच्या घरी आले होते. घाबरलेले होते. कुणी प्रोफेसर व्हिएन्नात शिकून आलेले, त्यांनी कळवलं होतं की अशी गल्ली नाही आणि हा लेखक तिकडे फिरकलेलाही नाही. प्रकाशक म्हणाले, 'तांबोळी, तुम्ही नकाशात बघून सांगा. गल्ली नसेल तर मी घाऱ्यांची पुस्तकं आजपासून बंद करतो.'"

"मला हे कुणी..."

"कुणालाच नाही सांगितलं. अब्बांनी नकाशा काढलाच नाही. चहा पुढे केला आणि म्हणाले, 'आहे की. माझा फणसे पुढच्या महिन्यात तिथेच निघालाय.' बस. तांबोळी म्हणाले म्हणजे आहे. प्रकाशक खूश होऊन गेले, आणि पुस्तक आल्यावर त्या प्रोफेसरांचं कुणी ऐकलं नाही."

हिंमतराव समोरच्या टेबलावरच्या छत्रीकडे बघत राहिले.

"प्रकाशक गेल्यावर अब्बांनी शहर काढायला घेतलं," मेहजबीन म्हणाली. "मी जवळच होते. म्हटलं, अब्बा, नकाशात इथे गल्ली नाही, इथे तर चर्च आहे. तर त्यांनी चर्च पुसलं. फडकं पण नाही घेतलं, तळहाताने पुसलं. जरा पलीकडे पुन्हा काढलं आणि मध्ये गल्ली बसवली. मी भांडले हो त्यांच्याशी! आम्हाला रेघ इकडची तिकडे झाली तर ओरडायचे, आणि स्वतः चर्च सरकवतात?"

"मग?"

"मग म्हणाले, 'बेटा, या माणसाला तिथले ठोके ऐकू येतायत. ज्याला एवढं ऐकू येतं त्याची गल्ली आपण पुसायची नसते. आपण सरकायचं.'"

युनियनवाल्यांचं भाषण चाललं होतं, पण हिंमतरावांच्या कानांत त्यातलं काही शिरत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलेला फणसे त्यांना आठवला, आणि आत ठोके ऐकत उभा असलेला तो उंच माणूस. टोमणा म्हणे! एवढी वर्षं नासिरभाई आपल्याला त्रास न देता दुसऱ्या रस्त्याने जात होते, आणि आपण मान हलवून पुढे जात होतो. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण तिच्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर आवाज आपोआप खाली यावा, तसं त्यांना झालं. माणूस एवढा मोठा असतो? आणि तो आपल्या शेजारच्याच फळीवर होता?

"...आता ज्येष्ठ हेरकथाकार हिंमतराव घारे," बोरा म्हणत होते.

हिंमतराव उठले. व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढले, माइकसमोर उभे राहिले. ते वाक्य अजून जिभेवरच होतं. ती गल्ली पुढे पाडली. एवढं म्हटलं की सगळं निभावून जाणार होतं. पण मग तळहाताने पुसलेल्या त्या चर्चचं काय? ते कुणाला कळणार होतं? एवढी थोर गोष्ट खडकीच्या कुठल्याशा फरशीवर घडली आणि पाण्याने धुऊन गेली, असंच राहणार होतं का?

"नासिर तांबोळींनी एकही चूक केली नाही," ते म्हणाले. "ती गल्ली माझी. कसब्यातली तांबट आळी आहे ती. मी व्हिएन्नाला कधीही गेलेलो नाही. मी मिरजेला गेलो होतो."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. बोरांचा हात पिशवीवर होता, तो तसाच राहिला.

हिंमतराव पुढे बोलणार होते, पण शब्दांनी जमेना. ते वळले, फळ्याखालचा खडू उचलला आणि पायऱ्या उतरून खाली आले. धोतर सावरून, एक हात जमिनीला टेकवून ते मोकळ्या फरशीवर बसले, तेव्हा गुडघ्यांचा आवाज पहिल्या दोन रांगांना ऐकू गेला.

"हा कालवा," त्यांनी रेघ ओढली. माइक वर राहिला होता, म्हणून मागचे लोक उभे राहिले. "हा पूल. हे मी नासिरभाईंच्या पुस्तकांतून सांगतोय, तेव्हा बरोबर असणार. अपेक्षा, ये पाहू इकडे. तू कुठे शोधत होतीस?"

अपेक्षा पुढे आली, उकिडवी बसली आणि बोट ठेवलं.

"इथे, सर. पुलावरून उतरून डावीकडे."

हिंमतरावांनी तिथून दोन रेघा काढायला घेतल्या, कसब्यात आहे तेवढीच अरुंद गल्ली, आहे तेवढीच वाकडी. वळण चुकलं नाही. त्या वळणावर ते लहानपणी रोज आपटायचे.

"सर," अपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "पण इथे खरंच चर्च आहे. मी आत जाऊन आलेय."

"होतं," हिंमतराव म्हणाले. "नासिरभाईंनी ते सरकवलं."

आणि मग त्यांनी मान खाली घालून, रेघा ओढता ओढता, सगळं सांगितलं. प्रकाशक आले ते, नकाशा काढला नाही ते, पुढे केलेला चहा, पुसलेलं चर्च. रंगवून सांगायची आयुष्यभराची सवय, पण आज एका शब्दाचाही मीठमसाला नव्हता. मेहजबीन कधी उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली ते त्यांना कळलं नाही. त्यांनी चर्च चुकीच्या जागी काढलं तेव्हा तिने त्यांच्या हातातून खडू घेतला, तळहाताने रेघा पुसल्या आणि ते जरा पलीकडे, बरोबर जागी काढलं. 

सभा कुणी संपवलीच नाही. लोक आपापले जायला निघाले. दार व्यासपीठाच्या बाजूला, आणि तिथवर जायचं तर ती फरशी ओलांडायची. पहिला माणूस रेघेशी येऊन थबकला. एरवी बँकेच्या रांगेत कोपर मारून पुढे घुसणारी माणसं ही; पण त्याने चप्पल काढून हातात घेतली आणि दोन रेघांच्या मधून, गल्लीतून, वळणाला वळण घेत दाराकडे गेला. त्याच्या मागे दुसरा गेला. मग सगळे तसेच निघाले, एकामागून एक, साड्यांचे काठ उचलून, न बोलता. अपेक्षाचे बाबाही होते. ते वळणावर क्षणभर थांबले आणि कान देऊन ऐकल्यासारखं करून पुढे गेले. हिंमतराव फरशीवर बसून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसावं असंही त्यांना वाटलं नाही.

शेवटी श्यामसुंदर बोरा राहिले. ते गल्लीच्या बाहेरच उभे होते, हातात ते गुळगुळीत कव्हर.

"हे आता रद्दीत घालायचं," ते म्हणाले.

"घाला."

"मिरजेला राहून आलेल्या लेखकाची पुस्तकं कोण घेणार, हिंमतराव?"

"माहीत नाही," हिंमतराव म्हणाले. "पण पेटी काढा. दिवाळीलाच काढा. तिच्यात फणसे घाला. व्हिएन्नाचा सगळा फणसे, एकही भाग वगळू नका."

"अहो, पेटी तुमच्याच पुस्तकांनी भरलीय. खोक्याचं माप देऊन बसलोय मी. तुमचे भाग कुठे जातील मग?"

मेहजबीनने उठवायला हात पुढे केला होता. हिंमतरावांनी तो धरला, पण उठले नाहीत. कुणाच्या तरी पदराने चर्चची एक रेघ पुसट झाली होती. त्यांनी ती खडूने पुन्हा ठळक केली, नासिरभाईंनी काढली होती त्याच जागी.

"सरकतील," ते म्हणाले.